उंटिणीचे सतरा दोष

कुणाचा विश्वास माणसाच्या शब्दावर असतो, कुणाचा लेखी कागदावर. इंचकरांचा होता टेपवर. इंचकर हे काही त्यांचं खरं आडनाव नव्हे. गाड्यांच्या सीटा शिवण्यात उभा जन्म गेला, लोकांच्या खिशात पेन असतं तशी यांच्या खिशात स्टीलची टेप, आणि समोर काहीही आलं की आधी ते मोजायचं आणि मगच त्याच्याबद्दल तोंड उघडायचं, अशी खोड. एकदा एका लग्नात नवरीच्या खुर्चीची पाठ मोजताना सापडले, तेव्हा मित्रांनी हे नाव चिकटवलं. त्यांनाही ते आवडलं असावं, कारण पुढे दुकानाच्या पाटीवर त्यांनी तेच रंगवून घेतलं.

मित्र म्हणजे क्लब. आणि क्लब म्हणजे तरी काय, चार जुन्या गाड्या आणि त्यांच्यावर जीव टाकणारी चार माणसं. एके काळी चाळीस होती, पण कुणी गाव बदललं, कुणी गाडी बदलली. गाडी सगळ्यांची एकाच बनावटीची: बुटकी, गोल पाठीची, रस्त्याला पोट घासेल की काय असं वाटावं इतकी खाली बसणारी. कंपनीने तिला मोठं ऐटबाज नाव दिलं होतं, पण क्लबात तिला सगळे ठेंगणीच म्हणत. दर रविवारी सकाळी स्पॅनरच्या गॅरेजमागच्या मोकळ्या जागेत चार ठेंगण्या ओळीने लागायच्या. स्पॅनर ही गॅरेजची मालकीण, तिशीची, क्लबात सगळ्यांत लहान आणि सगळ्यांत फटकळ. उरलेले दोघं म्हणजे दातांचे डॉक्टर आणि निवृत्त हेडसर. चौघं बॉनेट उघडून उभे राहायचे आणि ठरलेल्या गोष्टी पुन्हा एकदा नव्याने बोलायचे.

त्यात इंचकरांच्या ठेंगणीचा मान वेगळा. तिच्या सीटा नवरा-बायकोने मिळून केल्या होत्या. कापणी त्यांची, शिवण बायकोची. गडद निळं कापड आणि त्यावर पांढऱ्या दोऱ्याची दुहेरी शिवण, इतकी सरळ की डॉक्टर म्हणायचे, वहिनींना माझ्याकडे टाके घालायला पाठवा. एकोणीस वर्षं ती गाडी आणि ही दोघं कुठे कुठे म्हणून फिरली नसतील! तो चालवणार आणि ती शेजारी बसून नकाशा वाचणार. डोंगरातली चाळीस वळणं लागली तरी बाई मान खाली घालून नकाशा वाचतेय, वर डबा उघडून खातेय, आणि यांना सांगतेय, पुढच्या पुलानंतर डावीकडे. पोटातलं पाणी हलायचं नाही तिच्या.

आणि त्याच बाईने दीड वर्षापूर्वी सांगितलं, की मला आता गाडी लागते.

झालं असं होतं, की दोन वर्षांपूर्वी तिच्या खुब्याचं ऑपरेशन झालं. ऑपरेशन छान झालं, पण खाली वाकून बसायचं नाही, बसताना गुडघा खुब्याच्या वर जाता कामा नये, असं बजावून सांगितलं होतं. इंचकर कामाला लागले. घरातली खिडकीजवळची लाकडी खुर्ची अठरा इंची. तिच्या पायांखाली ठोकळे घालून ते रोज अर्धा अर्धा इंच वाढवत गेले. बावीसला तिला उठताना हात टेकावे लागत. तेवीसला पाय लोंबकळत. साडेबावीस इंचांवर मात्र ती हात न लावता बसली आणि हात न लावता उठली. इंचकरांना इतका आनंद झाला की त्यांनी खुर्चीच्या मागच्या पट्टीवर पेन्सिलीने आकडा लिहून ठेवला. साडेबावीस. तो त्यांना स्वतःच्या जन्मतारखेपेक्षा पक्का पाठ होता.

मग ठेंगणीची पाळी. तिची सीट जमिनीपासून साडेसोळा इंच. त्यांनी फोमचा थर घातला, अजून एक घातला, तिसरा घातला. सीट वर आली, पण छत होतं तिथंच राहिलं. बायकोचं डोकं छताला लागायला लागलं, आणि आत शिरताना मान अशी मुडपावी लागे की बघणाऱ्याची मान दुखावी. शेवटी तीन इंचांवर तडजोड झाली. इंचकर तिला काखेत दोन्ही हात घालून आत बसवायचे आणि तसंच ओढून बाहेर काढायचे. दोनदा जमलं. तिसऱ्यांदा बाजाराच्या तोंडाशी ती अर्धी आत, अर्धी बाहेर अशी अडकली. मागून हॉर्न सुरू झाले, लोक थांबून बघायला लागले, आणि दोन अनोळखी बाप्यांनी धरून तिला उभं केलं. तिने त्यांचे आभार मानले, पदर नीट केला, घरी आली. त्याच्या पुढच्या रविवारी म्हणाली, तुम्ही जा क्लबला, मला आताशा गाडी लागते.

आणि इंचकरांनी ते खरं मानलं! माणूस इंचात हुशार असला म्हणजे सगळ्यातच हुशार असतो असं थोडंच आहे. तपासणीसाठी दवाखान्याची उंच व्हॅन यायची, तीत ती तास तास बसायची आणि हसत परत यायची. इंचकरांना वाटायचं, व्हॅन सावकाश चालते म्हणून लागत नसेल. त्यांनी फोम काढून सीट होती तशी केली. तेव्हापासून रविवारी ते एकटे निघायचे, आणि ती खिडकीतल्या खुर्चीवर बसून हात हलवायची. शेजारच्या सीटवर ते आपली पिशवी ठेवायचे. मोकळी सीट बघून त्यांना भरून यायचं, आणि हे त्यांनी कुणालाही सांगितलं नव्हतं.

तर अशा सगळ्यात बातमी आली की कंपनीने ठेंगणी बंद केली, आणि तिच्या जागी नवी गाडी आणतेय. नाव तेच, गाडी वेगळी. फोनवर फोटो आले. उंच, जाड चाकांची, कडेने काळ्या प्लास्टिकची किनार लावलेली, धड मोटार नाही की धड जीप नाही. क्लबात त्या रविवारी चहा गार झाला तरी कुणाला भान नव्हतं. डॉक्टर म्हणाले, तोंड बघा, जबड्यात दात जास्त झालेत. स्पॅनर म्हणाली, बॉनेट उघडलं की वर प्लास्टिकचं झाकण असणार, म्हणजे आपण आत बघायचंच नाही. हेडसरांना हँडब्रेकच्या जागी बटण आहे हे कळल्यावर त्यांना बसावंच लागलं. हँडब्रेक ओढण्यात एक निर्णय असतो, बटण तर लिफ्टलाही असतं, असं ते दोनदा म्हणाले. तिला उंटीण हे नाव कुणी ठेवलं ते आठवत नाही, पण संध्याकाळपर्यंत ते कायम झालं होतं.

नंतर कंपनीचं पत्र आलं. ठेंगणीचे खरे चाहते म्हणून क्लबाला मानाचं बोलावणं. विक्री सुरू होण्याआधी एका सकाळी शोरूममध्ये या, गाडी बघा, प्रत्येकाने दहा मिनिटं चालवा, आणि आपलं मत सांगा. मत सांगायला क्लबाला कधी बोलावण्याची गरज पडली नव्हती. आठ दिवसांत दोषांची यादी तयार झाली. एकूण सतरा. हेडसरांनी ती आपल्या मोत्यासारख्या अक्षरात उतरवली आणि वाचून दाखवायचं काम इंचकरांकडे आलं, कारण ते सेक्रेटरी. चौथा दोष त्यांचा स्वतःचा होता: सीट नको इतकी उंच, माणूस गाडीत बसल्यासारखा न वाटता स्टुलावर बसल्यासारखा वाटतो. गाडी अजून कुणी डोळ्यांनी पाहिली नव्हती हे कुणाच्याही ध्यानात आलं नाही. उंटावरून शेळ्या हाकतात हे ऐकलं होतं, पण आमच्या या चौघांनी उंटावर न बसताच त्या हाकल्या होत्या.

घरून निघताना इंचकरांनी यादी बायकोला वाचून दाखवली. तिने खुर्चीवर बसून सगळे सतरा ऐकले. चौथा ऐकल्यावर खिडकीबाहेर बघून एवढंच म्हणाली, की नीट मोजून मग बोला.

शोरूम म्हणजे एका मोठ्या काचेच्या खोलीत पांढरी फरशी, आणि मधोमध राखाडी कापडाखाली ती. निळ्या कोटातली एक मुलगी चौघांना पुढे घेऊन गेली. दुसरं कुणी नव्हतं. स्पॅनरने इंचकरांना कोपर मारलं, की काका, यादी हातात ठेवा. मुलीने कापडाचं टोक धरलं आणि ओढलं.

आणि यादी विसरून चौघंही बघत राहिले.

फोटोत गाडी दिसते, पण तिचं अंग दिसत नाही. रंग गडद हिरवा होता, पण बाजूला सरकलं की त्यात निळं उतरायचं, पाऊल मागे घेतलं की काळं. दारापासून मागच्या चाकापर्यंत एक घडी पत्र्यावरून गेली होती, कुणी एका दमात बोट ओढावं तशी. ठेंगणीच्या पाठीची ती गोलाई, जी तीस वर्षं क्लबाने जपली, ती इथे मागच्या काचेखाली पुन्हा आली होती, मोठी झालेली पण तीच. एखाद्या मैत्रिणीची नात पहिल्यांदा बघावी आणि तिच्या हनुवटीत आजी दिसावी, तसं इंचकरांना झालं. त्यांनी नकळत डोक्यावरची टोपी काढली.

डॉक्टर सगळ्यांत आधी हलले. त्यांनी दारांमधल्या फटीतून नख फिरवलं, वरून खाली, मग दुसऱ्या बाजूने. माणसाच्या तोंडातली अर्ध्या केसाची फट त्यांना कळायची. तीन फेऱ्या झाल्या तरी त्यांना बोलायला काही सापडेना. एका दाराची फट दुसऱ्यापेक्षा तसूभरही वेगळी नव्हती. स्पॅनर तर त्या चकचकीत फरशीवर सरळ आडवी झाली आणि गाडीखाली सरकली. निळ्या कोटातली मुलगी घाबरली, पण हेडसरांनी तिला हाताने थांबवलं. बाहेर आली तेव्हा स्पॅनरच्या कपाळावर धूळ होती.

"काका," ती हळू आवाजात म्हणाली, "खालूनसुद्धा नीट केलंय. जिथे कुणी कधी बघणार नाही, तिथेसुद्धा."

स्पॅनरच्या तोंडून इतकं चांगलं बोलणं क्लबाने आजवर ऐकलं नव्हतं.

मग हेडसर आत बसले. आता हेडसर खाली बसणार म्हटलं की क्लबाला काय ऐकू येणार ते पाठ होतं. दोन्ही गुडघे वाजायचे, आधी डावा, मग उजवा, मग सरांचा एक लांब उसासा. ठेंगणीत बसताना तर वाजायचेच. ते दार उघडून बसले, आणि काही वाजलं नाही. हेडसर स्वतःच चकित होऊन आपल्या गुडघ्यांकडे बघायला लागले. मग उतरले, पुन्हा बसले. पुन्हा शांतता. बटणाच्या हँडब्रेकचा विषय त्यांनी काढलाच नाही.

इंचकर दाराशी उभे राहून हे बघत होते. मन म्हणत होतं की चौथा दोष आपला आहे, तो मोजून सिद्ध करायला हवा. त्यांनी टेप काढली.

आधी त्यांनी हात फिरवला. धंद्यातला माणूस सीट डोळ्यांनी बघत नाही. शिवण दुहेरी होती, टाका बारीक, कडेला एकही सुरकुती नाही. इथवर ठीक. मशीन चांगलं असलं की टाका चांगला पडतो, त्यात माणसाचं काय कौतुक. पण हात सीटच्या कडेवर आला आणि तिथेच थांबला. प्रत्येक सीटला दोन्ही कडांना फोमची उंच पाळ असते, वळणावर माणूस घसरू नये म्हणून. त्या पाळीवरून चढून आत जावं लागतं, आणि दुखऱ्या खुब्याला सगळ्यांत जास्त तीच नडते. इथे आतल्या बाजूची पाळ पूर्ण होती. दाराच्या बाजूची मात्र खाली घेतली होती, अगदी अलगद उतरती, आणि उताराला कापड न ताणता वेगळा तुकडा जोडला होता. दोन बाजूंना दोन वेगळे काप. म्हणजे कापणारा वाढीव कष्ट घेऊन बसला होता. कुणी सांगितल्याशिवाय आणि कुणासाठी तरी केल्याशिवाय असं कुणी कापत नाही.

इंचकर त्या उतारावर हात ठेवून उभे राहिले. जगाच्या कुठल्या तरी कोपऱ्यात, कुठल्या तरी टेबलावर, त्यांच्यासारखाच कुणीतरी फोमच्या ठोकळ्यासमोर बसला असणार. त्याच्या घरीही कुणाचा तरी खुबा दुखत असणार. त्याने काय केलं? त्याने छतच वर उचललं. इंचकरांनी तीन थर घालून जे जमवायला बघितलं होतं, ते त्या माणसाने अख्खी गाडी नव्याने उभी करून जमवलं होतं. इंचकरांना त्या अनोळखी माणसाच्या पाया पडावंसं वाटलं, आणि ते वाटण्याची त्यांना जराही लाज वाटली नाही.

मग त्यांनी जमिनीपासून सीटच्या कडेपर्यंत टेप लावली. साडेतेवीस. पण मोकळ्या सीटचा आकडा खोटा असतो, फोम दबतो. त्यांनी डॉक्टरांना बसायला सांगितलं. डॉक्टर अंगाने साधारण बायकोएवढेच. डॉक्टर बसले, फोम दबला, आणि इंचकरांनी गुडघा टेकून पुन्हा टेप लावली.

साडेबावीस.

त्यांनी टेप गुंडाळली, सोडली, पुन्हा लावली. साडेबावीस. एक सूत इकडे नाही की तिकडे नाही. ते तसेच गुडघ्यावर बसून राहिले. स्पॅनरने विचारलं, काका, किती आलं? त्यांनी नुसतीच टेप वर धरून दाखवली. दहा-अकरा दिवस ठोकळे घासून घासून शोधलेला आकडा, खुर्चीच्या पट्टीवर पेन्सिलीने लिहिलेला, घरातल्या दोन माणसांखेरीज जगात कुणाला ठाऊक नसलेला, तो इथे काचेच्या खोलीत एका अनोळखी गाडीत त्यांची वाट बघत बसला होता.

आणि मग, इतक्या उशिरा, त्यांच्या डोक्यात दुसरी गोष्ट उजाडली. उंच व्हॅनमध्ये गाडी लागत नाही. ठेंगणीत लागते. बाजाराच्या तोंडाशी अडकली त्याच्या पुढच्या रविवारपासून लागते.

"मला आत्ता चालवायला द्या," ते निळ्या कोटातल्या मुलीला म्हणाले.

मुलीने सांगितलं, जरूर, मी बरोबर बसते, रस्ता ठरलेला आहे, मोठ्या चौकातून वळून परत यायचं. इंचकरांनी विनवून सांगितलं की मला ठरलेला रस्ता नको, चार गल्ल्यांपलीकडे माझं घर आहे, तिथवर जाऊ द्या. मुलगी म्हणाली की तसा नियम नाही. इंचकर कधी कुणाशी चढ्या आवाजात बोलले नव्हते आणि आताही बोलले नाहीत.

"तुम्हाला मत हवंय ना, बाळ? ज्या माणसाचं मत खरं कामाचं आहे, ते माणूस घरी खिडकीत बसलंय."

मुलीने किल्ली दिली.

गाडी चालवायला कशी होती, हे क्लबाने नंतर त्यांना दहा वेळा विचारलं. त्यांना काही आठवत नव्हतं. एवढंच आठवत होतं की रस्ता वरून दिसत होता आणि गाडीचा आवाज इतका कमी होता की स्वतःचा श्वास ऐकू येत होता.

घर तळमजल्यावर, तीन पायऱ्या चढून. खिडकीतून बायकोने बघितलं, हिरवी उंच गाडी दाराशी थांबली आणि तिच्यातून आपला नवरा उतरतोय, डोक्यावर टोपी नाही. ती काठी घेऊन बाहेर आली. तिला वाटलं काहीतरी बरं-वाईट झालं. इंचकरांनी सांगितलं की काही झालेलं नाही, फक्त एकदा बसून बघ. निळ्या कोटातली मुलगी आपण होऊन मागच्या सीटवर गेली होती.

बायकोने गाडीकडे बघितलं. मग दाराकडे. मग नवऱ्याकडे. म्हणाली, मला गाडी लागते ना. इंचकरांनी नुसतं दार उघडून धरलं. त्यांचे हात सवयीने पुढे झाले, काखेत घालायला.

"हात काढा," ती म्हणाली.

तिने काठी मागे बसलेल्या मुलीकडे दिली. गाडीकडे पाठ केली. खिडकीतल्या खुर्चीवर बसायची तशी, मागे न बघता, बसली. डोकं कुठे लागलं नाही. दोन्ही पाय एकत्र उचलून आत घेतले, त्या उतरत्या कडेवरून आपोआप वळली, आणि समोर बघून बसली. पाच सेकंदही गेले नसतील. इंचकर दोन्ही हात तसेच हवेत धरून उभे होते. गल्लीतली शेजारीण पायरीवर झाडू घेऊन उभी होती, तीसुद्धा बघत राहिली. पण बघण्यासारखं काही उरलंच नव्हतं. एक बाई गाडीत बसली होती, एवढंच. यांच्या डोळ्यांतून मात्र पाणी वाहत होतं आणि ते पुसायला हात मोकळे आहेत हे त्यांना सुचत नव्हतं.

तिने सीटच्या कडेवरून अंगठा फिरवला. शिवणकाम करणारा हात, तो शिवणीवरच गेला. उतारावरचा जोड तिला लगेच सापडला. म्हणाली, कापणारा शहाणा आहे हो. मग सीटवर दोनदा दाबून बघितलं आणि म्हणाली, ही तर आपली खुर्चीच आहे.

इंचकर पलीकडून येऊन बसले. गाडी सुरू केली. दुसऱ्या वळणाला ती म्हणाली, इथून डावीकडे घ्या, पुढे रस्ता खणलाय. दीड वर्षांनी त्यांना कुणीतरी रस्ता सांगत होतं. इंचकरांनी डावीकडे घेतलं.

"गाडी लागतेय का?" त्यांनी विचारलं.

"मला कधी गाडी लागली होती?" ती म्हणाली. मग समोर बघतच पुढे बोलली. "खरं सांगितलं असतं तर तुम्ही दुसऱ्या दिवशी ठेंगणी विकून मोकळे झाला असता. आणि मग रविवारी कुठे गेला असता?"

हे खरं होतं. त्याच दिवशी विकली असती, दुसऱ्या दिवसाचीही वाट बघितली नसती. दीड वर्ष ती खिडकीत बसली होती, त्यांचा रविवार राखत. ते मोकळ्या सीटवर पिशवी ठेवून स्वतःच्या एकटेपणाचं दुःख करत होते, आणि ती त्यांच्याकडे बघून हात हलवत होती. इंचकरांना वाटलं होतं आजचं नवल बघून झालं. आपल्या बायकोकडे बघून ते खरे थक्क झाले.

मागच्या सीटवरच्या मुलीने काचेतून बाहेर बघायला सुरुवात केली होती. ती एकदाही घड्याळाकडे बघून काही बोलली नाही.

शोरूमच्या दाराशी क्लब वाट बघत होता. दहा मिनिटांची चाळीस झाली होती, आणि स्पॅनर गाडी शोधायला निघण्याच्या बेतात होती. गाडी येऊन थांबली, दार उघडलं आणि आतून उतरली कोण, तर वहिनी. कुणाचा हात न धरता. तिने काठी मागून घेतली आणि चालत आली. डॉक्टरांनी चष्मा पुसायला घेतला. स्पॅनर काकूंच्या गळ्यातच पडली. हेडसरांनी एकदा वहिनीकडे बघितलं, एकदा सीटकडे, एकदा इंचकरांच्या खिशातल्या टेपकडे. चाळीस वर्षं वर्गात काढलेला माणूस, त्याला समजावून सांगावं लागलं नाही.

पण मत तर द्यायचं होतं. निळ्या कोटातली मुलगी वही घेऊन उभी होती. हेडसर खाकरले आणि म्हणाले, यादीचं काय करायचं? फाडून टाकू या. इंचकरांनीही खिशातून कागद काढला होता. बायकोने तो त्यांच्या हातातून घेतला, चष्मा लावला आणि उभ्या उभ्या सगळे सतरा दोष वाचले. दात जास्त झालेत. हँडब्रेकला बटण. वर प्लास्टिकचं झाकण. चौथ्याशी ती हसली.

"फाडायचं कशाला? चौथा सोडला तर काही खोटं नाही यात," ती म्हणाली. "फक्त एक राहिलाय. सर, पेन आहे का? लिहा, अठरावा."

हेडसरांनी पेनाचं टोपण काढलं. "काय लिहू, वहिनी?"

"दोन वर्षं उशिरा आली."

हेडसरांनी ते मोत्यासारख्या अक्षरात लिहिलं. मग सेक्रेटरी म्हणून इंचकर यादी वाचायला उभे राहिले. चौथा वगळून आधीचे सोळा त्यांनी भराभर वाचले. अठराव्यावर येऊन ते थांबले, कागद हेडसरांकडे दिला, आणि तो सरांनाच वाचावा लागला.